शेवटचा नळ

एकतीस वर्षं महापालिकेच्या पाणीखात्यात चावी फिरवली.
दाब म्हणजे काय, ते मला कुणी शिकवू नये.

परळच्या या चौथ्या मजल्यावर
कुंदाच्या मांडीतून काळपट रक्त बाहेर निघतं,
यंत्रात फिरतं, लालभडक होऊन परत येतं.
पंपावरचा अन्वर सांगतो,
काका, मिनिटाला चार लिटर. दाब पासष्ट. मस्त.
मनगट धरलं तर ठोका नाही.
सलग धार.
मेन लाइनवर हात ठेवला की लागते तशी
नुसती थरथर.

हे 'मस्त' मला ठाऊक आहे.
भांडुपहून सुटलेलं पाणी असल्फ्याच्या पायथ्याशी
असंच मस्त असायचं.
काटा जागेवर,
साहेब सही करून जायचे,
आणि टेकडीवर शेवटच्या नळाशी
शेवंताबाई पेडणेकर
पालथ्या हंड्यावर बसून
माझ्या सात पिढ्या उद्धरायची.

काल मोठ्या डॉक्टरीणबाईंनी
कुंदाच्या जिभेखाली कॅमेऱ्याची कांडी धरली.
पडद्यावर केसाहून बारीक गल्ल्या.
काहींत पेशी एकामागं एक, हंडे घेऊन निघाल्यागत.
काहींत दोन पावलं, मग थांबा.
काही गल्ल्या नुसत्याच. पुसट.
म्हणाल्या, दाबासाठी जे औषध देतोय
तेच टोकाच्या वाटा आवळतं, घाडीगावकर.
वाढवलं तरी पंचाईत, उतरवलं तरी.
मी मान हलवली.
खालचा व्हॉल्व्ह आवळून वर पाणी चढवलं
की खालचे भांडायला येतात,
हे काही त्यांना सांगत बसलो नाही.

गुडघ्यावर जांभळी जाळी उमटलीय.
सिस्टर फुर्ताडो दर तासाला
पायाच्या अंगठ्याचं नख दाबते, सोडते,
ओठांत मोजते.
परवा सात. काल सहा. आज पहाटे पुन्हा सात.
कागदावर एवढीशी चौकट, त्यात एवढासा आकडा.

गळती ऐकायची लोखंडी सळई घरी माळ्यावर आहे.
एक टोक पाइपला, एक कानाला.
रात्री तीनला रस्ता गप्प झाला
की पाणी कुठं वाट चुकलंय ते कळायचं.
इथं आणू देणार नाहीत.
म्हणून वाकतो, तिच्या तळव्याला कान लावतो.
गार.
माझाच कान वाजतो.

सिस्टर बघते. रागवत नाही.
माझंच बोट धरून नखावर ठेवते.
दाबा. सोडा. आता मोजा.

पांढरं.
एक. दोन.
शेवंताबाईला मी खालून ओरडून विचारायचो,
आलं का?
तीन. चार.
ती लगेच कधी सांगायची नाही.
आधी नळाखाली हात धरून बघायची.
पाच.