एकटीला उचलता आली पाहिजे

होटगी रोडच्या शोरूममधला पोरगा
(छातीवर बिल्ला: श्रीशैल)
आधी माझ्या मागं बघतो, साहेब कुठं राहिले म्हणून.
साहेब नाहीत, बाळा. मीच आहे.
पाच फूट एक इंच, चपलेसकट.

तो सगळ्यात मोठी दाखवतो.
टाकी अशी, की भरल्या रांजणाला मिठी मारावी.
दोनशे वीस किलो, मॅडम, हायवेला जागची हलत नाही.
मी चढून बसते.
दोन्ही पाय हवेत,
जत्रेतल्या पाळण्यात बसवलेल्या पोरीचे असतात तसे.

आता याला काय सांगू,
एकोणीस वर्षं मी विहिरी मोजते.
टेप सोडायची, ओला आकडा वाचायचा, वहीत मांडायचा.
मंद्रूप, औराद, भंडारकवठे, तिकडं तडवळ.
डांबर संपतं तिथं माझी ड्यूटी सुरू होते.
विहीर काही रस्त्याला येऊन हात करत नाही.

आणि आमची काळी माती.
दोन सरी पडल्या की चाक नि मडगार्डच्या मधे शिरते,
तिंबलेल्या कणकेसारखी घट्ट,
मग बाभळीची काटकी घेऊन खरवडत बसा.
स्कूटी दोनदा ढकलत आणली.
तिसऱ्यांदा तिथंच सोडून आले;
दुसऱ्या दिवशी एका बैलानं ओढून काढली.
बैल माझ्याकडं बघत नव्हता,
तेवढा एक सभ्यपणा त्यानं केला.

दस्तगीर मिस्त्री विजापूर वेशीजवळ.
पाटी नाही, टायर टांगलेला.
ऐकून घेतलं सगळं, पाना पुसत.
म्हणाला, बाजी, हलकी लेव.
आणि पत्र्यामागनं एक काढली,
कुठल्याशा डॉक्टरनं दोन वर्षांत सहादा चालवलेली.
तारेची चाकं, पुढचं एकवीस इंची,
मडगार्ड वर, चाक खाली,
मधे वीतभर नुसती हवा.
ती वीत बघूनच मी निम्मी कबूल झाले होते.

मग त्यानं स्टँड काढला
आणि दिली सोडून.
धाडकन. पेट्रोलचा वास.
उचल म्हणाला.

चहाचा पोऱ्या थांबला. पंक्चरवाला थांबला.
मी हँडल धरून ओढली, वाकून, दात खाऊन.
गाडी मला ओळखही दाखवेना.
तोंड नको, मिस्त्री म्हणाला, पाठ कर तिच्याकडं.
सीटला टेक. एक हात इथं, एक कॅरिअरला.
आता जोर गुडघ्यात. आणि उलटं चालत जा.

उलटं चालत गेले.
उठली.

बाकीचं मग चहावर.
टाकी लहान आहे. असू दे.
सीट म्हणजे फळी. चादर टाकीन चार पदरी,
सोलापुरात त्याला काय तोटा.
ऐंशीच्या पुढं थरथरते,
शेजारून ट्रक गेला की अंग चोरते.
ते मीही करते, इतकी वर्षं.

आणि हायवेनं जायचंय कुणाला?
सीना कुडलला भीमेत शिरते, तिथवर माझं रजिस्टर.
पुढं भीमा कर्नाटकात जाते
आणि आमच्या नकाशातला निळा रंग संपतो.
पाणी थोडंच संपतं.
पार रायचुराकडं कृष्णेत मिळेपर्यंत
काठाकाठानं, मिळेल त्या पायवाटेनं,
टेप घरी ठेवून जायचंय मला एकदा.
काही मोजायचं नाही.
कडक भाकरी, शेंगाचटणी, पान्यांची पिशवी.
अर्जित रजा शिल्लक: एकशे चाळीस दिवस.

रात्री जुळे सोलापुरात, पार्किंगमधे,
सगळे खिडक्यांआड जेवत असताना,
स्टँड काढला, हळूच आडवी केली.
पाठ. गुडघे. उलटं चालणं.
पुन्हा एकदा. वेणी सुटली, ती तशीच राहू दिली.

वॉचमन इरण्णा बॅटरी घेऊन धावत आला:
पडली का मॅडम?

नाही, म्हटलं. पाडली.
बाजूला हो थोडा,
डावीकडनं जमतंय का बघते.