चेहऱ्यापुरता

खैरानी रोडवर माझं साइनबोर्डचं वर्कशॉप.
मेडिकल, ज्वेलर्स, परमिट रूम,
हायवेवरून वाचता यावीत अशी अक्षरं
तीस वर्षं पेटवत आलो.
उजेड म्हणजे ओरडणं, एवढंच मला ठाऊक.

प्रांजल घाग आली फेब्रुवारीत, ड्यूटीवरून थेट,
एअरपोर्टच्या स्कार्फची गाठ अजून गळ्यात.
म्हणाली, काका, आरसा हवाय. दिव्याचा.
पण दिवा कुणाला दिसायला नको.

मी हसलो. ती हसली नाही.

असल्फाच्या टेकडीवर दहा बाय बाराची खोली.
खिडकी होती, तिला शेजाऱ्यांची भिंत येऊन टेकली.
पावणेतीनचा अलार्म वाजायच्या आधी ती बंद करते.
खाटेवर बाबा, रात्रपाळी सुटल्यापासून झोप पातळ झालेले;
खाली आई, दादा, वहिनी,
आणि त्यांचं अकरा महिन्यांचं,
ज्याला निजवायला दोन तास लागतात.
ही मोबाइल दातांत धरून काजळ घालते.
एकदा ओठ लागला कुठेतरी, आणि
वहिनीच्या डोहाळजेवणाचा व्हिडिओ सुरू झाला,
टाळ्यांसकट.

पहिला आरसा केला सवयीने:
चारी बाजूंनी पट्टी, पांढरीफटक.
ती म्हणाली, यात मी मेल्यासारखी दिसते
आणि बाबा उठून बसले.
दुसरा पिवळा. लिपस्टिक घरी विटकरी,
काउंटरवर जाऊन बघते तर जांभळी.
सुपरवायझरने टिश्यू पुढे केला, बोलली काही नाही.

मग लोहार चाळीत तीन दुपारी घातल्या.
पिवळ्या-पांढऱ्याच्या मधली पट्टी मिळाली.
काचेमागचा पारा ब्लेडने खरवडला,
दोनच उभ्या रेघा, बोटभर रुंद,
कपाळापासून हनुवटीपर्यंत.
वर दुधी ॲक्रिलिक.
तरी सांडत होता, छताला लागून
पत्र्यावरून परत येत होता.
उजेड पाण्यासारखा नाही, त्याला उतार लागत नाही.
शेवटी घोड्याला असतात तशी झापडं बसवली,
दोन पाती, बिजागरीवर, आतून काळं मखमल.
ज्वेलरने पैशांऐवजी दिलेलं कापड
असं कामी आलं.

उरला आवाज. स्विचचा टक्.
दिवसा ऐकूही येत नाही,
पावणेतीनला सुपारी फोडल्यासारखा.
म्हणून स्विचच काढला.
पाती उघडली की चुंबक दूर सरतं, दिवा लागतो.
मिटली की विझतो.

शटर ओढून, फटींना गोणपाट लावून तपासला रात्री.
समोर कुणीतरी म्हातारा.
सोल्डरचा डाग कानाशी,
मी इतकी वर्षं तो गालावर समजत होतो.
त्याच्यामागे वर्कशॉप नव्हतं.
रॅक नाही, वायरींचं भेंडोळं नाही, अर्धवट राहिलेला 'म' नाही.
नुसता काळोख आणि त्यात एक तोंड.
चुकलंच हे, म्हटलं.
माणूस असा तरंगता बरा नव्हे.
मागेही थोडं जायला हवं.

महिन्याने ती उरलेले पैसे द्यायला आली.
म्हटलं, आरसा आण एकदा, दुरुस्त करतो,
मागचं दिसत नाही त्यात.

नोटा मोजता मोजता थांबली.
नको, म्हणाली.
माझ्या पाठीमागे कायम कुणीतरी असतं काका,
घोरणारं, कूस बदलणारं, खोकणारं.
त्यात बघते तेव्हा कुणी नसतं.
काजळ घालून झालं तरी
मी पाती लगेच मिटत नाही.

दोनशे कमी होते, ती गेल्यावर कळलं.
मेडिकलवाल्याचा बोर्ड तयार होता,
सहा फुटी, हिरवं अधिक.
प्लग लावला.
गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवी झाली,
आणि हातगाडीखालचं कुत्रं
उठून बसलं.