एकच व्यक्ती असल्याबद्दल

शुक्रवारी म्हापशात बाजार भरतो,
म्हणून शुक्रवारीच आमच्या नोंदणी कचेरीत
अळसांद्यांच्या पिशव्या मांडीवर घेऊन माणसं बसतात.
बाकावर बहुतेकांचं काम तेच:
एका कागदावर पोरोबो, दुसऱ्यावर प्रभू,
बाप्तिस्म्याच्या दाखल्यात कायतान, आधारवर काएतानो,
आणि स्टॅम्पपेपरवर शपथेनं लिहून द्यायचं
की हे सगळे मीच.

मी इथला कॉम्प्युटरवाला. कंत्राटी.

त्या दुपारी तीन नंबरच्या खिडकीवर तिळू शेटकराने
'वीजबिल थकबाकी' नावाची फाईल उघडली.
काहीच झालं नाही, म्हणून पुन्हा उघडली,
मग तिसऱ्यांदा,
मग चहाला गेला.

फाईल केवढीही असो,
गणित तिला दळून चौसष्ट अक्षरांची एक ओळ करतं.
दहा आकडे, ए ते एफ, बस्स.
त्या ओळीवरून फाईल परत उभी राहत नाही,
जसं पिठावरून नाचणीचं कणीस.
पण तीच फाईल उद्या दळा, लिस्बनमध्ये दळा,
तेच पीठ, कणाचाही फरक नाही.
याला हॅश म्हणतात.
तिळूच्या फाईलची ओळ मी यादीत शोधली,
जगभर पकडल्या गेलेल्यांच्या यादीत,
आणि ती होती.
चार महिन्यांपूर्वी कुणीतरी, कुठेतरी, हात पोळून नोंदवलेली.

रात्री साडेआठपर्यंत सत्तेचाळीस मशीन पाहिली.
लेखापालाकडे तिचं नाव 'पगारपत्रक',
रेकॉर्ड रूममध्ये 'नाताळ फोटो',
साहेबांकडे नुसतंच 'नवीन'.
अकरा ठिकाणी अकरा नावं, ओळ एक.
कुणाकडून प्रतिज्ञापत्र घ्यावं लागलं नाही.
हॅश नावाकडे बघतच नाही.

वाटलं, बाकावरच्यांना हे सांगावं.
मग वाटलं, नको.
माणसाला असं दळायला घेतलं
तर दुपारी जेवून आलेला कायतान
सकाळच्या कायतानशी जुळायचा नाही.

सोमवारी फिलोमिना बाई म्हणाल्या,
"पळय, हो फॅन असो केन्नाच वाजनाशिल्लो."
मी यादी लावली.
यादी म्हणाली, काही नाही, स्वच्छ.
पुन्हा लावली. स्वच्छ.
बाईंनी चष्मा पुसला आणि माझ्याकडे तशा बघत राहिल्या
जशा खाडाखोडीचा दाखला आणणाऱ्याकडे बघतात.
सव्वीस वर्षं त्या या खोलीत आहेत.

दुपार गेली तेव्हा सापडली.
तीच फाईल.
शेवटी फक्त एक रिकामी जागा वाढवलेली.
अक्षर नाही, टिंब नाही, रिकामी जागा,
आणि चौसष्टच्या चौसष्ट अक्षरांची ओळखच पालटलेली,
जणू हिचा तिच्याशी कधी संबंधच नव्हता.
यादीला झालेलंच ठाऊक असतं.
ती कान देत नाही.

मी केबल उपटली. नवी ओळ काढली,
यादी ठेवणाऱ्यांना पाठवून दिली.
कुठल्यातरी गावातला कुणी माझ्यासारखा
तिच्यावर बोट ठेवून म्हणेल, हीच.
तोवर ती आणखी एक रिकामी जागा शिकलेली असेल.
हे मला पाठवतानाच माहीत होतं.
तरी पाठवली.

पुढच्या शुक्रवारी कायतान आला.
टायपिस्टने त्याच्या प्रतिज्ञापत्रात
त चा ट केला होता.
'काएटानो.'
तो घाबरला: आता याच्यासाठी आणखी एक करायचं?
फिलोमिना बाईंनी ट वर आडवी रेघ मारली,
वर त लिहिला,
समासात छोटी सही केली, शिक्का मारला,
आणि कागद खिडकीतून सरकवत म्हणाल्या,
"चलता."