दार अडतंय

पंचगंगा किती फुटांवर आहे
हे कोल्हापुरात पानपट्टीवालाही सांगतो.
एकोणचाळीस म्हणजे सामान माळ्यावर,
त्रेचाळीस म्हणजे म्हशी आधी, मग माणसं.
डोंगर किती खाली आलाय
हे सांगणारा बंधारा कुठेच नाही.

म्हणून गगनबावड्याच्या अंगाला,
जांभळटेकच्या वर, करवंदीच्या जाळीत
भेगेच्या दोन्ही काठांना एकेक सळई ठोकली
आणि मधलं अंतर मोजत राहिले.
सात जून : दोनशे चार मिलिमीटर.
एकवीस जून : दोनशे सात.
वही ओली, पेन्सिलच चालते.
जळवा मोज्यांच्या आत.

वर जांभा, खाली काळा कातळ,
मध्ये हातभर गुलबट चिकणमाती,
साबणाच्या वडीसारखी.
तिचा गोळा मेण लावून, फडक्यात बांधून
एसटीत मांडीवर घेऊन आले.
कंडक्टर म्हणाला, खवा काय?
प्रयोगशाळेत डब्यात दाबून कातरली.
कोरडी असताना चोवीस अंशांपर्यंत तग धरते.
भिजली की अकरा.
उतार सव्वीसचा आहे.
उरलेलं कोण धरतं?
अंजनीची मुळं, आणि थोडी ती ओढ
जिला आम्ही संसक्ती म्हणतो
आणि बयाजी झोरे म्हणतो,
"मातीला माया हाय तवर."

बयाजी माझ्या सळयांना हसला नाही.
घरी नेलं. दार दाखवलं.
फणसाचं, सासऱ्यानं केलेलं.
"दरसाली अडतंय, ह्या वरच्या कोपऱ्यात.
रंधा मारला की बसतंय."
कधीपासून?
"धाकटी चालाय लागली तवापासनं."
धाकटी आता सातवीत.
मी टेप लावली. दार खालच्यापेक्षा वर
एकतीस मिलिमीटर अरुंद.
माझं अनुदान दोन वर्षांचं.
त्याआधीच्या सगळ्या नोंदी
ढलप्या होऊन त्याच्या चुलीत गेल्या होत्या,
कुणाकुणाच्या चहाखाली.

गावानं एवढंच विचारलं : कधी?
माझ्या सूत्रात वजन आहे, कोन आहे,
मातीच्या पोटातलं पाणी आहे.
कधी नाही.

चोवीस जुलैला नळीतलं पाणी
एका रात्रीत दीड मीटर चढलं.
घरांमागचे उमाळे गढूळ झाले.
गुणांक एक पूर्णांक दोन शतांश.
तहसीलदारांना फोन केला,
दुसऱ्यांदा केला, तिसऱ्यांदा आवाज चढवला.
अठरा घरं, खालच्या गावातली शाळा,
बॅटऱ्यांचे पिवळे गोल, इरली, शेळ्या.
बयाजी सगळ्यांच्या मागून आला,
डोक्यावर दार.
बिजागऱ्या खिशात वाजत होत्या.

तीन दिवस.
काही पडलं नाही.
सळयांमधलं अंतर पाच मिलिमीटर वाढलं, बस.
शाळेच्या ओट्यावर सगुणा बोडकेची शेळी व्याली,
एक करडू गारठून गेलं.
त्याचा हिशेब कुणी मागितला नाही मला,
फक्त ते माझ्यासमोरून नेलं.

खरं सांगते. सत्तावीसच्या सकाळी
धुकं वर गेलं, डोंगर जागच्या जागी दिसला,
आणि सुटकेच्या आधी, पापणीभर,
मला खट्टू वाटलं.
अहवालात याला रकाना नाही.
मी तो आखलाही नाही.

लोक परतले. कुणी माझ्याकडं बघून बोललं,
कुणी न बघता.
पोरांनी सळईला चिंधी बांधली होती,
माझ्यासाठी की मला चिडवायला, कळलं नाही.

बयाजी दार बसवत होता.
ते अर्ध्यापर्यंत आलं आणि थांबलं.
त्यानं रंधा काढला, पातं अंगठ्यावर पाहिलं,
मग परत फडताळात ठेवला.
"ऱ्हाऊ दे असंच," म्हणाला.
"आदी तुमी मोजा."