चार विसा आणि दहा

आमच्या भाषेत नव्वदला स्वतःचं नाव नाही.
चार विसा आणि दहा, असं म्हणायचं.
माझ्या भट्टीला तेवढेच सेकंद लागतात
आठशे अंशांवर काचेची पूड वितळून
चांदीच्या तारेच्या खणात रंग होऊन बसायला.
ऐंशीला ती संत्र्याच्या सालीसारखी खरबरीत.
शंभराला तार बुडते.
मधल्या दहांत माझं पोट भरतं.

तिबिलिसी, पाचवा मजला.
लिफ्ट नाणं घेतल्याशिवाय हलत नाही.
गिवी ट्रक घेऊन ट्रॅब्झोनच्या वाटेवर,
फोनवर विचारतो, "झालं का काम?"
कुठलं, ते विचारत नाही.

खोलीच्या मध्यावर मी खडूची रेघ ओढली आहे.
अलीकडे काच, आम्ल, आग आणि मी.
पलीकडे तेक्ले, वय साडेचार,
आणि तिचा भाऊ, जो अजून कुठलीच रेघ मानत नाही,
म्हणून तो झोपला की मी बसते,
हंसाच्या पिसाच्या टोकावर
भिजलेली पूड उचलत,
श्वास नाकातल्या नाकात धरून.

रोज सकाळी रेघ बोटभर पुढे आलेली असते.
मी काही बोलत नाही.
उशीखाली खडू सापडला, तरी बोलले नाही.

गुरुवारी डाळिंबाचा दाणा होता,
सिघनाघीच्या एका नवरीचा. चौथा थर, चौथी भाजणी.
चार विसा होत आले,
आणि रेघेवरून ती म्हणाली, "आई, बघ."
थांब.
"आई, बघ ना."
थांब म्हटलं ना.
मग आवाजच आला नाही.
मूल रडलं तर हात थरथरत नाहीत माझे,
गप्प झालं की थरथरतात.
वळले.
तिच्या तळहातावर सुरवंट होता,
बाल्कनीतल्या तुळशीवरचा,
अंग चोरून गोल झालेला.
एवढंच.
दार उघडलं तेव्हा दाणा काळा.

मी ओरडले. काय, ते इथे लिहीत नाही.
पलीकडून नानुलीबाईंनी भिंत ठोकली, एवढं सांगते.
सुरवंट कुठे गेला कोणास ठाऊक.

रात्री गिवीला म्हटलं,
शाळेत चित्रकलेची नोकरी आहे, घेते.
तो म्हणाला, घे.
त्याचं ते लगेचचं "घे"
मला अजून बोचतं आहे.

शुक्रवारी नवा दाणा आत ठेवला
आणि तेक्लेला रेघेपाशी बोलावलं.
मोज, म्हटलं. तू म्हणशील तेव्हा उघडणार.
तिने पाठ ताठ केली.
पहिला विसा झाला, एक बोट मिटलं.
दुसरा झाला, दुसरं.
तिसऱ्यात ती सतरावरून बारावर आली,
मग थांबून विचारलं,
"सुरवंटाला गुडघे असतात?"
बघावं लागेल, मी म्हणाले तोंडाने.
मनातला आकडा काठोकाठ भरलेल्या वाटीसारखा
तसाच नेत होते पुढे:
तीन विसा आणि दोन,
तीन विसा आणि तीन...

"झालं!"
तीन विसा आणि चार.

मी चिमटा उचलला. हातमोजा चढवला.
तो नीट बसला नाही म्हणून काढला, पुन्हा चढवला.
दाराच्या कडीवर फुंकर घातली, उगीच.
ती बघत होती माझ्याकडे,
दुकानदार तराजूकडे बघतो तशी.
"झालं म्हटलं ना मी."
हो, ऐकलं.
"मग?"
मग मी उघडलं.

दाणा लाल होता.
तिने पाहिला, आणि म्हणाली,
"उद्या मी हळू मोजीन."

आज सकाळी रेघ दोन बोटं पुढे होती.
मी स्टूल जरा मागे घेतलं.
मागे भिंत आहे.
अजून वीतभर जागा आहे.