दहा मिनिटं, तीनदा

किल्ली फिरवली की गाडी सुरू होते
दोन सेकंद.
मग ओठांवर आलेलं नाव आठवेनासं व्हावं
तशी गप्प.
डॅशबोर्डवर पिवळं कुलूप लुकलुकतं.
मला चोर म्हणतंय ते.

हप्ते मी फेडले या ब्युइकचे.
रस्त्यावरचं मीठ खाऊन सडलेला तळाचा पत्रा मी बदलला.
आणि हे कुलूपही मीच बसवलं परवा,
इश्पेमिंगच्या भंगारवाल्या ट्रुडेलकडून आणून,
चाळीस डॉलर, दोन किल्ल्या, पावती नाही.
चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

जुनं कुलूप स्क्रूड्रायव्हरनं फोडलेलं.
फोडणारा माझ्या शेजारीच बसलाय,
गुडघे डॅशला टेकवून.
वेस्ली. माझा मुलगा. काल सुटला.
कोटाला अजून तिथल्या साबणाचा वास.

"सुरू करू नकोस, मॉम.
नुसती 'ऑन'वर ठेव आणि हात काढ."
तुला कसं माहीत, असं मी विचारत नाही.
किल्लीत काही नसतं, तो सांगतो,
खूण असते कुलपात. एक आकडा.
गाडी जुनाच आकडा धरून बसलीय.
नवा शिकायला तिला दहा मिनिटं लागतात,
मग बंद करायचं, मग पुन्हा दहा,
असं तीनदा.
"चोराला एवढा वेळ नसतो ना," तो म्हणतो,
"सगळं त्याच्यावरच उभं आहे."

पहिली दहा.
स्वयंपाकघराच्या खिडकीतून नारिंगी वायर आलीय
बॅटरीच्या चार्जरपर्यंत,
आणि त्या फटीतून घराची ऊब बाहेर चाललीय.
काचेला आतून बर्फ धरतंय, आमच्याच श्वासांचं.
बर्फ ओढणारा ट्रक येऊन गेला
आणि मी मघाशी उपसलेलं पुन्हा फाटकाशी टाकून गेला.
कुणी काही बोललं नाही.
दिवा विझला.

दुसरी दहा.
ऑक्टोबरात गाडी सापडली बरागाच्या कसिनोमागे.
टाकीत पेट्रोल होतं, काही मोडलं नव्हतं कुलपाशिवाय.
पोलिसानं दार उघडून दाखवलं आणि मी पाहिलं:
सीट मागे सरकवलेली,
बरोब्बर त्याच्या पायांएवढी.
ओळखता का कोणी असेल, त्यानं विचारलं,
आणि मी ओळखलं.
नाव मी दिलं.
अक्षरंही सांगितली एकेक करून, हेक्किला, दोन 'क'.

हे सगळं मी आत्ता मोठ्यानं बोलले की मनात,
मला नक्की सांगता येणार नाही.
तो म्हणाला, "पाय गारठले."
या वेळी दिवा दहाला विझला नाही.
अकरा. बारा.
"थांब," तो म्हणाला, "हात लावू नकोस."
तेराव्याला विझला.

तिसऱ्या फेरीला फॉइल सोडलं.
एकच पास्टी होती, थंड, अर्धी अर्धी केली.
लहानपणी आतला रुटाबेगा वेचून
ताटाच्या काठाला रांगेत लावायचा.
आज खाल्ला.
तिथं काय देत होते खायला, मी विचारलं.
"बीन्स," म्हणाला, आणि थोड्या वेळानं,
"बरे असायचे."

मग किल्ली.
एक सेकंद, दोन,
तीन.
दोघंही मनातल्या मनात मोजत होतो, ओठ हलत होते.
वीसपर्यंत गेल्यावर मी मोजणं सोडलं,
तो पुढे मोजत राहिला असावा.

दुसरी किल्ली माझ्या हातमोज्यात होती,
तळव्याला टोचत.
दोन मिळतात हे त्याला माहीत आहे.
त्यानं मागितली नाही,
मीही मूठ उघडली नाही.
"दहाला प्रोबेशन ऑफिसात जायचंय," एवढंच म्हणाला.
"सोडते," मी म्हटलं, आणि गिअर टाकणार
तोच वायर आठवली, तशीच अडकलेली.

तो उतरला.
समोर उघडं बॉनेट, सबंध काचभर,
पलीकडे काय चाललंय काही दिसेना.
इंजिन चालू. माझा पाय ब्रेकवर, घट्ट.
चिमटा सुटल्याचा आवाज, मग दुसरा.

बॉनेट खाली आलं
आणि त्याच्यामागे तो होता.