उलट्या आट्याचे नट

डाव्या चाकाचे नट उलट्या आट्याचे असतात
हे मला पाढ्यांच्या आधी आलं.
आबा हातात पाना देऊन म्हणायचे,
“सगळी आवळतात तिकडं फिरीव, सुटतंय बघ.”
पुढं शाळेत पाण्याच्या बाटलीचं झाकणही
मी आधी उलटंच फिरवायची.

शक्तिमान. मिलिटरीनं काढून टाकलेला.
बेळगाव कॅम्पातल्या लिलावात सात गाड्यांतला पाचवा,
ज्याला कुणी बोली लावली नाही, कारण
बॉनेटखाली साळुंकीचं घरटं होतं, एअर फिल्टरला टेकून.
आबांनी घेतला, आणि नेला नाही.
पिल्लं उडेपर्यंत अठरा दिवस.
सुभेदारानं जागेचं भाडं लावलं, तेही भरलं.
आई तो आकडा अजून पैशासकट सांगते.

मग एकवीस वर्षं खानापूरची कौलं.
पेंढा, कौलं, पेंढा, कौलं,
नंदगड, हल्याळ, जांबोटीची चढण,
फुटलेली घरी आणायचे; आमच्या परसात अजून
पाऊल टाकलं की लाल खापऱ्या बोलतात.

पाटीवरचा वर टोक केलेला बाण आरटीओनं पुसायला लावला,
के ए बावीस आलं.
पण डॅशबोर्डच्या पत्र्यामागं, वायर ओढताना हाताला लागेल असं
कुणी खिळ्यानं कोरलेलं राहून गेलं:
दूसरा गियर पूछ के डालना.
नाव नाही, गाव नाही, तारीख नाही.
आबांनी त्या माणसाचं ऐकलं.
कन्नड सही, मराठी बोर्ड, बंद, मोर्चा, दगड,
काय काय आलं रस्त्यात;
दुसरा गियर त्यांनी कधी हिसकला नाही.

वॉटर पंपाचं घर फुटलं तेव्हा
मिळेल कुठं? कंपनीच बंद.
उद्यमबागेत सातगौडा मिरजी फुटक्याचाच नमुना करून ओततो.
ओतायच्या आधी त्याला मेणाचा एक थर देतो,
“थंड होताना लोखंड आकसतंय ना अक्का,
म्हणून आधीच थोडं जास्त धरायचं.”
घरी आले तर आबा ओसरीवर,
शर्टात सगळीकडून सूतभर कमी.

भंगारवाला गोकाकहून आला, चुंबक घेऊन.
दाराला लावला, चिकटला.
बंपरला, चिकटला.
डाव्या मडगार्डवर लावला आणि तो खाली पडला.
दस्तगीर किल्लेदारनं तिथं इतकी लांबी भरलीय
की पत्रा आता नुसता आठवणीपुरता.
आबा हसले. कितीतरी महिन्यांनी, खोकला येईपर्यंत.
“किलोवर घेणार म्हणतोस, तर लांबीचंबी वजन धर की!”
तो चहा पिऊन गेला.

आता त्यांना ऐकू कमी येतं.
रविवारी मी बॅटरी जोडते, दस्तगीर खाली झोपून
“बा तम्मा, बा,” म्हणत पंप मारतो,
इंजिन दोनदा ठसकतं, मग लागतं.
आबा काठी टेकत येतात, बॉनेटवर तळहात ठेवतात.
“चौथा नोझल,” म्हणतात.
दस्तगीर माझ्याकडं बघतो. मी त्याच्याकडं.
चौथाच असतो.

परवा विचारलं, विकायचा का आबा?
ऐकलं नसावं त्यांनी.
म्हणाले, डावीकडचे नट बघ, मागच्या वेळी
त्या नव्या पोरानं आवळायला म्हणून ढिले केलेत.

बघितले. तीन ढिले होते.
मी जगाच्या उलट आवळले.
मलप्रभेच्या पुलापर्यंत न्यायचा आणि परत, एवढंच,
टायर एकाच जागी बसू नयेत म्हणून.
शेजारी आबा, मांडीवर रिकामा ऑइलचा डबा.
पहिला टाकला. गाडी हलली.
मग क्लच दाबून, हात दांड्यावर ठेवून,
मी विचारलं.